पाकीट मी घेतलं होतं

४ जून

आधी जाडा आला, विहीणबाई, आणि बारीक त्याच्या मागून, काखेत बॅग दाबून. मी तेव्हा मशीनपुढे स्टूल टाकून बसले होते. कपडे धुण्याचं मशीन हो, मुलानं घेतलंय, तोंडाला काच आहे, आत कपडे फिरताना दिसतात. टीव्हीपेक्षा बरं. टीव्हीत सगळे एकमेकांच्या मुळावर उठलेले, इथे निदान शेवटी काहीतरी स्वच्छ निघतं. तर ते असो. जाड्यानं आपल्या टिटवीचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आणि इथेच राहते का विचारलं. म्हटलं, नात माझी, पण नोकरीच्या गावी असते, तिच्या आईच्या आईकडे. तुमचं नाव मानानं घेतलं बरं का.

बसले. पाणी प्याले. बारक्यानं कागद काढला आणि विचारायला लागला. वय किती? लग्न झालंय का? नोकरी कुठे, पक्की का, पगार किती, कुठल्या तारखेला होतो, नावावर घरदार काही, अंगावर कुणाची जबाबदारी? विहीणबाई, मी काय काल जन्मले? तीन नणंदा उजवल्यात मी. असे प्रश्न माणूस एकाच कामासाठी विचारतो. मी उठून चहा टाकला आणि वरच्या फळीवरची चांगली बिस्किटं काढली.

मग हात आखडता कशाला घ्यायचा? सांगितलं की दातांच्या कवळ्या बनवते, माझ्या तोंडातली तिच्याच हातची आहे. काढून दाखवणार होते, पण पहिल्याच भेटीत बरं दिसत नाही. तिचं कामाचं ठिकाण कुठल्या रस्त्यावर, कितवा मजला, मालक कसा, सगळं सांगितलं. पगार तेवढा दुप्पट करून सांगितला. त्यात काय एवढं, तेही आपला वाढवूनच सांगणार. मशीनकडे, टीव्हीकडे, माझ्या मागे रेलायच्या खुर्चीकडे बघून जाड्यानं विचारलं, हे कुणी घेतलं? म्हटलं, सगळं नातीनं. खरं तर मुलानं घेतलंय, पण मुलीचं वजन वाढतं हो अशानं. बारक्यानं सगळं लिहून घेतलं, एकदाही मान वर केली नाही. लाजाळू आहे. माझ्या मते मुलगा तोच, आणि जाडा त्याचा मामा.

जाताना एक पाकीट दिलं आणि माझी सही घेतली. आत मुलाची माहिती आणि फोटो असणार. छापील अक्षर मुंगीएवढं आणि माझी शाळा चौथीत सुटलेली, म्हणून फोडलं नाही. संध्याकाळी मुलाच्या हातात दिलं. त्यानं वाचलं आणि हसला. म्हणाला, घर बरं वाटतंय आई, मी बघतो, तू इतक्यात कुणाला बोलू नकोस. पण तुम्ही काय परक्या? आपलं पटत नाही हे जगजाहीर आहे, तरी पोर दोघींची. तिची आई असती तर आज तिनं मला मिठी मारली असती. टिटवीला तुम्हीच हळूच सांगा. बारीक आहे, पण नाक सरळ आहे.

— तुमची विहीण


१६ जून

विहीणबाई,

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. तीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुतल्या. रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला की कायमचा बसतो. म्हणून डोकं थंड झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही थंड होत नाही, तेव्हा लिहिते.

ते मुलगी बघायला आले नव्हते. जाडा वसुली कंपनीचा, आणि तुमचा सरळ नाकाचा लाजाळू मुलगा कोर्टाचा माणूस, समन्स बजावायला आलेला. पोरीच्या नावावरच्या क्रेडिट कार्डाचे पैसे थकलेत म्हणून कंपनीनं तिच्यावर दावा लावलाय. तुम्ही बिस्किटं खाऊ घालून त्यांना तिचा रस्ता, मजला आणि पगाराची तारीख दिलीत. दुसऱ्या दिवसापासून तिच्या कामावर फोन. पहिला फोन मालकानं उचलला. पोर आत मेणात दात बसवत होती. सगळ्यांदेखत तिला बाहेर बोलावलं आणि विचारलं, तू काय केलंस?

तिनं काय केलं ते मी विचारून घेतलं, तुम्हीही ऐका. पहिली नोकरी लागली तेव्हा जावईबापू इथे आले होते. म्हणाले, माझं जुनं गाडीचं कर्ज बुडलंय, मला कुठली बँक दारात उभी करत नाही, तुझ्या नावावर कार्ड काढू, जोडीचं एक मला दे, बिल माझ्या घरी येईल, मी भरत जाईन. एकवीस वर्षांची पोर, आई नुकती गेलेली. बापाला नाही कसं म्हणणार? तिनं स्वतःच्या कार्डानं आजवर चपलांचा एक जोडा घेतला आहे. एक. त्याचे पैसे तिनं बापाच्या हातात नेऊन दिले होते.

आता मला दोन गोष्टी हव्यात. ते पाकीट कुठे आहे? त्यावर कोर्टाची तारीख असते. मिळाल्याबरोबर पाठवा. आणि मशीन कुणाच्या पैशानं आलं ते जरा घरात विचारा. स्टूलवरून उठून.

— तिच्या आईची आई


२३ जून

विहीणबाई,

तुमचं पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं आणि मध्येच थांबवलं, कारण ती चवीनं वाचायला लागली. उरलेलं मी अक्षर लावून लावून वाचलं, अर्धा दिवस गेला. तुम्हाला रागाचं लिहिताना अक्षर काय सुंदर येतं हो. लग्नात मानपानावरून लिहिलं होतंत तेव्हाही असंच आलं होतं.

मी चुकले. वसुलीवाल्यांना चहा दिला. पण मी माणसाला दारातून चहाशिवाय घालवत नाही, तुमच्याकडे उलटं असेल. पगार वाढवून सांगितला तो पोरीच्या भल्यासाठी. आणि माझ्या मुलाचं नाव असं घ्यायचं काम नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, दुसरं लग्न केलं नाही त्यानं, आईजवळ राहिला. माझे गुडघे धरले म्हणून खुर्ची आणली, धुणं होईना म्हणून मशीन आणलं, गेल्या वर्षी मला समुद्र दाखवला. साठ वर्षं मी समुद्र चित्रात बघत होते. तो स्वतःच्या पैशानं करतो, मी विचारलंय. आजकालच्या पोरींना मोबाइल लागतो, दर महिन्याला पार्लर लागतं, खर्च कुठे होतो ते कळत नाही. तुम्ही घरात आहात, तुमचं लक्ष कुठे असतं?

पाकीट मुलाकडे आहे. म्हणाला, मी वकील बघितलाय, तुला कळायचं नाही. तारीख त्यानं मला वाचून दाखवली, बारा ऑगस्ट. टिटवीलाही फोन करून सांगितलं, तू कामावर जा, मी जातो कोर्टात. बाप उभा राहतोय लेकीसाठी, आणखी काय पाहिजे?

आमच्या घराकडे बोट दाखवण्याआधी स्वतःची उरलेली चार बोटं बघा.

— तुमची विहीण


२६ जुलै

विहीणबाई,

तारीख बारा ऑगस्ट नव्हती. बारा जुलै होती.

कोर्टात कुणी गेलं नाही. वकील नाही, बाप नाही, पोर तर नाहीच, ती बापाच्या शब्दावर कवळ्या घासत बसली होती. समोर कुणी नाही म्हटल्यावर कंपनीनं मागितलं तेवढं कोर्टानं दिलं, व्याज, दंड, त्यांच्या वकिलाची फी, सगळं. परवा हुकूम तिच्या मालकाच्या टेबलावर आला. दर महिन्याला ठरलेली रक्कम तिच्या पगारातून कापायची. ती रक्कम तुम्ही सांगितलेल्या दुप्पट पगारावर ठरली आहे. म्हणजे पोरीला अर्धा पगार घरी येणार. पाच वर्षं. मालकानं तिला पुढच्या वर्षी भागीदारीत घ्यायचं कबूल केलं होतं, चिनी मातीचे दात भाजायची भट्टी ती घेईल या बोलीवर. बँकेनं कर्जाला आता तोंडावर नाही म्हटलं. तिच्या नावापुढे शेरा बसलाय.

त्या दिवशी ती घरी आली आणि हात न धुता बसली. बोटांना प्लास्टर वाळलेलं. मी म्हटलं, रड. रडली नाही. म्हणाली, आजीला यातलं काही कळवू नकोस, ती पहिल्यांदा सुखात आहे. मला शपथ घातली. मी ती मोडते आहे, पाप लागलं तर मला लागू दे, तीन घरांना पुरेल एवढा राग माझ्याकडे आहे.

तिनं बँकेतून कार्डाचा पाच वर्षांचा उतारा काढून आणला. मशीन, तुमच्या पत्त्यावर पोचतं. खुर्ची, तुमच्या पत्त्यावर. टीव्ही. समुद्राकाठचं हॉटेल, दोन माणसं, चार दिवस. आणि तुमचं काहीच नाही असं कितीतरी, गाडीचे टायर, मित्रांबरोबरची जेवणं, घड्याळ. शेवटी जोडा एक.

कोर्टाच्या व्हरांड्यात एक वकीलबाई बसतात, गरिबांकडून पैसे घेत नाहीत. त्या म्हणाल्या, महिन्याच्या आत अर्ज केला तर हुकूम फिरू शकतो. पाकीट पोरीच्या हातात पडलं नाही आणि तारीख तिला खोटी सांगितली, हे सिद्ध झालं पाहिजे. ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस आहे, ज्यानं सही करून पाकीट घेतलं ते. पण ते माणूस उभं राहिलं की पुढचा प्रश्न येणार, मग पाकीट कुणाला दिलं.

पोर म्हणते, आजीला कोर्टात उभी करणार नाही, त्यापेक्षा कापू दे पगार. मी तुम्हाला या असं म्हणत नाही. तुमचा मुलगा तुमचा आहे. अर्जाची शेवटची तारीख अकरा ऑगस्ट. ही तारीख खरी आहे.

— तिच्या आईची आई


१ ऑगस्ट

विहीणबाई,

तुमचं पत्र कुणाकडून वाचून घेतलं नाही. दोन दिवस लागले. ‘उतारा’ शब्दावर मी तासभर अडले होते, मला वाटलं पोरीला दृष्ट लागली म्हणून काही उतरवलंत. मग खुर्चीचं वाचलं आणि सगळंच कळलं. वाचताना मी त्याच खुर्चीत होते.

रात्री जेवायला वाढलं आणि विचारलं. आधी म्हणाला, विहीण तुझे कान भरते. मग म्हणाला, भरणारच होतो, मध्ये दोन-तीन महिने चुकले आणि मग आकडा फुगत गेला. पाकीट दडवलं का, तर म्हणे वेळ काढत होतो. तारीख खोटी का सांगितलीस, तर भाजी वाढून घेतली. मी म्हटलं, लेक आहे ना रे तुझी, तिच्या अर्ध्या पगाराचं काय? तेव्हा तो काय बोलला ते अक्षरशः लिहिते, कारण ते माझ्याच्यानं पोटात ठेववत नाही.

“लग्न झालं की तिचं नाव बदलेल. मग कुणाला शोधणारेत ते?”

विहीणबाई, मी एकेचाळीस वर्षं पोळपाटावर लाटणं फिरवून पोट भरलं, लोकांच्या घरी, त्यांच्या ओट्याशी. माझ्यावर कधी कुणी चमचा उचलल्याचा आळ घेतला नाही. आणि माझ्या पोटचा असा बोलला, तोंडात घास असताना. पण माझं रक्त ज्यानं उकळलं ते वेगळंच आहे. त्या दिवशी संध्याकाळी मी पाकीट त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, बघ रे, टिटवीला स्थळ आलंय. त्यानं उघडलं. आत काय आहे ते त्याला पहिल्या ओळीला कळलं. आणि हा हसला, आणि मला म्हणाला, घर बरं वाटतंय. तीन आठवडे मी मनात लग्न मांडत होते, गल्लीतल्या सहा जणींना सांगून बसले होते, आणि हा समोर बसून ऐकत होता. कुठल्या रंगाचं पातळ घेऊ विचारलं तर म्हणाला, निळं घे.

मी ताट उचललं त्याच्या पुढचं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, बरं का. भरलेलं ताट.

तुमच्यावरही राग आहे माझा. पाच वर्षं पोर तुमच्याकडे, तुम्हाला कार्डाचा पत्ता नाही? आणि मी पोरीबद्दल मोबाइलचं, पार्लरचं लिहिलं ते तुम्ही तिला वाचून दाखवलं असेल तर मी तुमचं तोंड बघणार नाही. नसेल दाखवलं तर फाडून टाका.

मी सात तारखेला सकाळच्या गाडीनं येते. पाकीट आणते. त्याच्या कपाटात शर्टांच्या खाली होतं, मी चावी मागितली नाही, शेजारणीच्या नवऱ्याला कुलूप तोडायला लावलं. कोर्टात कुठली चप्पल घालतात?

— विहीण


२० ऑक्टोबर

विहीणबाई,

तुम्ही गेल्यापासून घर शांत आहे. सुख आहे म्हणणार होते, पण पोर म्हणाली, खोटं लिहू नकोस.

हुकूम फिरला तो कागद पाठवते आहे, शेजारणीकडून वाचून घ्या, या वेळी चवीनं वाचू दे तिला. वकीलबाई अजून तुमचं सांगून हसतात. न्यायाधीशांनी विचारलं एवढंच की सही तुमची का, आणि तुम्ही बिस्किटांपासून सुरुवात केलीत. कंपनीचा वकील म्हणाला, मुद्द्यावर या, तर तुम्ही त्याला म्हणालात, पगाराचा आकडा तुमच्या माणसानं माझ्या तोंडून उचलला तेव्हा मुद्दा आठवला नाही का? पण मला हसू येत नाही. मला ते पुढचं आठवतं. पोर माझ्या शेजारी होती, माझा हात तिनं असा दाबला की दोन दिवस दुखत होता. “पाकीट मी घेतलं होतं. नातीला दिलं नाही. मुलाला दिलं, आणि त्यानं दडवलं.” त्यानंतर तुम्ही पाणी मागितलंत. मी तुमच्याशी सत्तावीस वर्षं भांडले, विहीणबाई. पुढेही भांडेन. पण त्या दिवशीचं मानते.

कंपनीशी झालेली तडजोड ठरल्याप्रमाणे सुरू झाली. व्याज आणि दंड माफ, मूळ रकमेचे अठरा हप्ते, अर्धा तिचा, अर्धा जावईबापूंचा, सही त्यांनी केली आहे. तरी कार्ड तिच्या नावावर, म्हणून एक हप्ता चुकला की माफ केलेलं सगळं परत तिच्याच डोक्यावर. पहिला हप्ता पाच तारखेला होता. तिचा अर्धा गेला. जावईबापूंचा आला नाही. सहा वेळा फोन केला, उचलला नाही. तिनं आठवडाभर जास्तीचं काम करून, मालकाकडून उचल घेऊन दोन्ही अर्धे स्वतः भरले.

आणि दुसरं एक सांगते, त्यानं माझं डोकं फिरतं. बँकेत तिनं स्वतःचे थोडे पैसे अडकवून ठेवले आणि त्या पैशांच्या तारणावर तिला एक छोटं कार्ड दिलं. त्यावर ती महिन्याचा बसचा पास घेते, बाकी काही नाही, आणि मुदतीच्या चार दिवस आधी भरून टाकते. वर्षभर असं केलं तर पत परत उभी राहील, मग भट्टीच्या कर्जाचं बघू, असं बँकेतला पोरगा म्हणाला. म्हणजे स्वतःचेच पैसे गहाण ठेवून तिनं दर महिन्याला सिद्ध करायचं की ती बुडवी नाही. आणि ज्यानं बुडवलं तो मऊ गादीवर झोपतो. पोर मात्र चिडत नाही. पासाची पावती डब्यात टाकते आणि म्हणते, एक झाला.

पुढचा हप्ता पाच नोव्हेंबरला. या वेळी दोन्ही अर्धे भरायची तिची ताकद नाही. मी माझ्या पेन्शनीतून भरीन म्हटलं तर तिनं जेवण सोडलं. तिच्या हप्त्याच्या खात्याचा आकडा खाली लिहिलाय. मी मागत नाही. फक्त कळवते.

— तिच्या आईची आई


३१ ऑक्टोबर

विहीणबाई,

तुम्ही मागत नाही, फक्त कळवता. तुमची ही खोड माझ्या ध्यानात आलीय.

मी त्याला विचारलं, ऑक्टोबरचा हप्ता का नाही भरलास? म्हणाला, या महिन्यात अडचण होती. मनगटावर तेच घड्याळ. म्हटलं, नोव्हेंबरचा? म्हणाला, बघू. मी पायात चपला सरकवल्या. चौकातल्या वाण्याकडे गेले, त्याच्या दुकानात पाटी लावली. पाटी वाण्याच्या मुलीनं लिहिली, मी फक्त काय लिहायचं ते सांगितलं: हवेशीर खोली भाड्यानं, खिडकी रस्त्याकडे, फक्त बायकांना.

काल दोघी बहिणी आल्या. थोरली बस चालवते, हो, एवढी मोठी बस, आणि धाकटी तिच्याच बसमध्ये तिकिटं देते. मी विचारलं, भांडण झालं तर? धाकटी म्हणाली, ब्रेक तिच्याकडे, घंटी माझ्याकडे. मला फार आवडल्या. खोली दाखवली. पावसाळ्यात कोपऱ्यात ओल येते ते सांगितलं, नळाला सकाळी सातनंतर धार बारीक होते ते सांगितलं, मी रात्री घोरते तेही सांगितलं. भाडं होतं तेवढंच सांगितलं, एक पैसा वाढवून नाही. थोरलीनं विचारलं, कपाटातले शर्ट कुणाचे? म्हटलं, निघणारेत.

भाडं माझ्या हातात द्यायचं नाही. टिटवीच्या हप्त्याच्या खात्यात थेट भरायचं, दर महिन्याच्या एक तारखेला. खात्याचा आकडा तुमच्या पत्रातून बघून थोरलीनं लिहून घेतला आणि तिथल्या तिथे फोनवरून दोन महिन्यांचं आगाऊ पाठवलं. पोरीला पोचलं का ते विचारा. तिच्या बापाचा अर्धा त्यात निघून थोडं उरतं, ते भट्टीला ठेवायला सांगा. आणि परत करायला बघू नकोस म्हणावं. तिच्या बापाचीच खोली आहे, तिच्या बापाचाच हप्ता आहे, आजी मध्ये नुसती चावी फिरवते.

संध्याकाळी त्याला सांगितलं. आधी त्याला चेष्टा वाटली. मग आवाज चढवला, मी तुझा मुलगा आहे म्हणाला. म्हटलं, म्हणून तर चार दिवस आधी सांगितलं, भाडेकरूला तेवढंही कुणी सांगत नाही. शेवटी बसला आणि विचारलं, मी कुठे झोपू? मला वाईट वाटलं नाही असं नाही विहीणबाई, नऊ महिने पोटात होता. पण मी म्हटलं, “तिचा पगार कापायला घेतला तेव्हा तिनं कुणाला विचारलं का रे, मी काय खाऊ?”

शर्ट मी घड्या करून पोत्यात भरलेत. इस्त्री केली नाही. त्याच्या कामाच्या ठिकाणी मित्राकडे जागा आहे म्हणतो, असेल. महिन्यातून एकदा जेवायला येऊ दे, पण हातात पावती घेऊन.

पोरीला सांगा, तिची आजी सुखात आहे. बहिणी खोलीला पिवळा रंग लावणार आहेत, खर्च त्यांचा. येत्या रविवारी, तीन तारखेला, सकाळी दहाला सामान घेऊन येतो म्हणाल्यात.

— विहीण